नाव आहे, कागद नाही : मानवी तस्करीतून सुटलेल्यांचा परतीचा विमानप्रवास

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात विमानप्रवासाविषयीचा लेख पाहून आमच्या हितचिंतकांस आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा आढावा अहवालात असावा, हीच सर्वांची अपेक्षा असते. तथापि रुग्ण बरा होऊन सुखरूप घरी पोहोचेपर्यंत उपचार पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. काही रुग्णांच्या बाबतीत हा शेवटचा टप्पाच सर्वांत अवघड ठरतो. त्यांना घर असते, घरी जाण्याची ओढ असते, तिकिटाचे पैसेही एखाद्या दात्याने दिलेले असतात. तरीही विमानतळाच्या दारातून त्यांना आत जाता येत नाही, कारण स्वतःचे नाव सिद्ध करणारा एकही कागद त्यांच्यापाशी नसतो. मानवी तस्करीतून सुटका झालेल्या मुली, स्त्रिया आणि क्वचित पुरुष यांच्याविषयी हे निवेदन आहे. गोपनीयतेच्या दंडकामुळे कोणाही रुग्णाची हकीगत येथे दिलेली नाही; केवळ प्रश्नाचे स्वरूप आणि त्यावरील उपाय मांडले आहेत.

कागद जातो कोठे?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या व्यापारास आणि वेठबिगारीस मनाई केली आहे. फौजदारी कायद्यात पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३७० होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ त्याच्या जागी आले आहे. असे असूनही हा व्यापार चालतो आणि त्यात पहिला घाव ओळखीवर पडतो. नोकरी, लग्न अथवा शिक्षण यांचे आमिष दाखवून मुलीला घरातून काढले जाते. वाटेतच तिची कागदपत्रे ‘सांभाळण्यासाठी’ काढून घेतली जातात. पुष्कळ मुलींजवळ मुळात कागद नसतोच. जन्माची नोंद झालेली नसते, शाळा अर्ध्यावर सुटलेली असते. पुढे तिला नवे नाव दिले जाते, वय वाढवून सांगण्यास शिकविले जाते आणि गावाचे नाव न घेण्याची धमकी दिली जाते. सुटका झाल्यावर पोलिसांसमोर आणि डॉक्टरांसमोर ती तेच पढविलेले नाव सांगते. भीती अंगात इतकी मुरलेली असते की खरे नाव ओठांवर येण्यास कित्येक दिवस जावे लागतात.

आपणां सर्वांस कागद हरविणे म्हणजे एक गैरसोय वाटते. या मुलींच्या बाबतीत कागद नसणे हाच त्यांना बांधून ठेवणारा साखळदंड असतो. ‘पळून गेलीस तरी तुला कोण ओळखणार?’ हा प्रश्न तस्करांना कुलपापेक्षा अधिक उपयोगी पडतो. म्हणून ओळख परत मिळवून देणे हा पुनर्वसनाचा गाभा आहे.

विमानच कशासाठी?

काही दात्यांनी रास्त शंका विचारली आहे की, रेल्वेचे तिकीट स्वस्त असताना विमानाचा आग्रह का धरावा? सर्वांनाच विमानाने पाठवावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुंबईहून हावड्याचे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र याहून अधिक वेळ लागतो. गुवाहाटीपर्यंतचा प्रवास तर सुमारे दोन दिवसांचा होतो. विमानाने मुंबई ते कोलकाता हे अंतर तीन तासांच्या आत पार पडते.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, तीव्र रक्तक्षय असलेली अथवा गर्भवती स्त्री दोन दिवस गाडीत बसून कशी जाणार? शिवाय ज्या स्थानकांवरून तिला आणले गेले, त्याच स्थानकांवर तस्करांची माणसे वावरत असण्याची शक्यता असते. सोबतीस दिलेल्या महिला पोलिसांचे आणि समाजसेविकेचेही चार-पाच दिवस जाण्यायेण्यात खर्ची पडतात. आरोपींविरुद्ध साक्ष देण्यासाठी न्यायालयाने तिला पुन्हा बोलाविले, तर हाच खटाटोप नव्याने करावा लागतो. अशा वेळी विमान हा सुरक्षिततेचा मार्ग ठरतो. त्याकडे चैन म्हणून पाहू नये.

मुंबईतील १९९६ चा धडा

कागदाअभावी परतीची वाट कशी अडते, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील वेश्यावस्तीवर छापे घालून पोलिसांनी शेकडो मुलींची सुटका केली. त्यांत नेपाळमधून आणलेल्या मुलींची संख्या मोठी होती. त्यांना निवारागृहांत ठेवण्यात आले आणि सर्वांनी असे गृहीत धरले की आता त्या लवकरच स्वदेशी जातील. परंतु नागरिकत्वाचा पुरावा नाही, या कारणास्तव त्यांना स्वीकारण्यास नेपाळ सरकारने टाळाटाळ केली. सुटका झालेल्या मुली महिनोन्‌महिने चार भिंतींतच राहिल्या. अखेर काठमांडूतील स्वयंसेवी संस्थांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि त्या वर्षीच्या जुलैत सव्वाशेहून अधिक मुली मायदेशी परतल्या.

त्यांतील काही जणींनी पुढे ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संस्था उभी केली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनीच चालविलेल्या या संस्थेची नोंदणीसुद्धा संस्थापिकांकडे नागरिकत्वाची प्रमाणपत्रे नसल्यामुळे अडली आणि २००० साली होऊ शकली. याच संस्थेला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. ज्यांना एके काळी ‘तुम्ही आमच्याच कशावरून?’ असे विचारले गेले, त्यांचाच पुढे आशिया खंडाने सन्मान केला.

विमानतळावरील नियम काय सांगतो?

आपल्या देशातील विमानतळांच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवितो. या ब्यूरोने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात देशांतर्गत प्रवासासाठी ग्राह्य असणारे दहा पुरावे दिले होते. पारपत्र, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन कार्ड, वाहनचालक परवाना, नोकरीच्या ठिकाणचे ओळखपत्र, विद्यार्थ्याचे ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाचे कागद आणि अपंगत्वाचे ओळखपत्र अथवा प्रमाणपत्र, असे ते पुरावे होत. पालकांसोबत जाणाऱ्या अज्ञान मुलांकडून वेगळे ओळखपत्र मागू नये, असेही त्यात नमूद होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद त्यापुढे आहे. रास्त कारणामुळे यांपैकी एकही पुरावा देता येत नसेल, तर केंद्र अथवा राज्य शासनाच्या ‘गट अ’ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयाच्या नाममुद्रित कागदावर, साक्षांकित छायाचित्रासह दिलेले ओळखीचे प्रमाणपत्र चालते. म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यासाठीही नियमाने दार ठेवले आहे. परंतु बहुतेकांना ते ठाऊक नसते. तिकीट काढल्यानंतर, प्रवासाच्या आदल्या दिवशी धावपळ सुरू होते आणि एका दिवसात कोणताही जबाबदार अधिकारी अनोळखी मुलीच्या छायाचित्रावर सही करीत नाही. त्यास दोष देता येणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या डॉक्टरांचे पत्र कितीही मानाचे असले, तरी ते या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. कारण आमचे डॉक्टर शासनाचे राजपत्रित अधिकारी नाहीत. मात्र आमच्या नोंदी नीट असतील, तर त्यांच्या आधारावर तहसीलदार अथवा शासकीय वैद्यकीय अधिकारी निःशंक मनाने सही करू शकतो. आमच्या कामाची मर्यादा आणि त्याचे मोल, दोन्ही याच ठिकाणी आहेत.

सीमेपलीकडचे घर

घर परदेशात असेल तर मार्ग वेगळा होतो. बांगलादेशातून आणलेल्या स्त्रीचे नागरिकत्व तेथील अधिकाऱ्यांकरवी पडताळून त्या देशाचे दूतावास कार्यालय तिला प्रवास परवाना देते. त्यानंतर आपल्या शासनाची देश सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. या कामी दोन्ही देशांमध्ये जून २०१५ मध्ये सामंजस्य करार झाला. तत्पूर्वी १ मे २०१२ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सूचना दिली होती की, पारपत्र वा व्हिसा नसलेली परदेशी स्त्री तस्करीची बळी असल्याचे तपासात आढळल्यास तिच्यावर परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली खटला चालवू नये.

नेपाळची सीमा जमिनीवरून खुली असली, तरी विमानाने जाताना ओळख दाखवावी लागते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या भारतीय विमानाचे अपहरण झाल्यानंतर हा नियम कडक झाला. ज्या नेपाळी नागरिकाकडे काहीच नाही, त्याला त्या देशाचे भारतातील दूतावास कार्यालय गरजेनुसार अल्प मुदतीचे छायाचित्रासह ओळखपत्र देऊ शकते.

आपलीही माणसे परदेशात अशीच अडकतात. पारपत्र मालकाने काढून घेतले अथवा हरवले, तर १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार भारतीय दूतावास ‘आपत्कालीन प्रमाणपत्र’ देतो. त्यावर भारतात परतण्याचा केवळ एकेरी प्रवास करता येतो. म्यानमारमधील सायबर गुन्हेगारीच्या केंद्रांत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये थायलंडमधील मे सोत येथून वायुदलाच्या विमानांनी परत आणण्यात आले. मानवी तस्करी केवळ स्त्रियांची अथवा अशिक्षितांची होते, हा समज या घटनेने खोटा ठरविला.

तपासणी ही अडचण नव्हे

हे सर्व वाचून एखाद्या कनवाळू वाचकास वाटेल की, अशा दुर्दैवी जिवांना तपासणीतून सूटच का देऊ नये? याचे उत्तर स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. तस्करही विमानानेच माणसे नेतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१८ मध्ये विमानातील कर्मचाऱ्यांना तस्करीची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण कसे द्यावे, याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. जी तपासणी आज आपल्या रुग्णास अडविते, तीच उद्या दुसऱ्या एखाद्या मुलीस वाचवू शकते. दुसऱ्याचे ओळखपत्र वापरून ‘एवढ्या वेळेपुरते’ काम भागविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो निक्षून नाकारला पाहिजे. तो गुन्हा तर आहेच. शिवाय खोट्या नावाने आणलेल्या मुलीस पुन्हा खोट्या नावाने पाठविणे म्हणजे तस्करांचीच रीत चालू ठेवणे होय.

त्याचप्रमाणे घरी पाठविण्याची घाईही घातक ठरते. काही मुलींना विकणारे त्यांचे नातलगच असतात. अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, १९५६ यातील कलम १७-अ अन्वये, मुलीस आईवडिलांच्या अथवा पालकांच्या स्वाधीन करण्यापूर्वी ते खरे आणि समर्थ आहेत काय, याची मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थेमार्फत चौकशी करून दंडाधिकाऱ्यांनी खात्री करून घ्यावयाची असते. अठरा वर्षांखालील मुलींच्या बाबतीत बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. आणि प्रौढ स्त्रीची स्वतःची इच्छा काय आहे, हा प्रश्न तर सर्वांआधी विचारला पाहिजे. कारण प्रत्येकीला परत जावयाचेच असते असे नाही.

केसपेपरपासून प्रारंभ

सुटकेनंतर मुलीला तपासणीसाठी रुग्णालयात आणले जाते. कित्येकदा तिच्या आयुष्यातील पहिला अधिकृत कागद म्हणजे आमचा केसपेपर असतो. त्यावर लिहिलेले नाव पुढे पोलिसांच्या कागदांत, न्यायालयाच्या आदेशात, राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रात आणि शेवटी विमानाच्या तिकिटावर जाते. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत फरक पडला, तर प्रवास थांबतो. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर घाईने काहीतरी नाव लिहून मोकळे होण्याची सवय येथे महागात पडते. रुग्णाने आधी सांगितलेले नाव पुढे बदलले, तर जुने नाव न खोडता दोन्ही नावे ‘ऊर्फ’ या शब्दाने जोडून, दिनांकासह आणि सहीनिशी लिहावीत. इंग्रजीतील अक्षरलेखन एकदा ठरवून सर्व कागदांवर तेच ठेवावे. हे काम क्षुल्लक दिसते. परंतु त्यावर एका व्यक्तीची वाट अवलंबून असते.

वयाचेही तसेच. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार वय ठरविताना प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. क्ष-किरण तपासणीने वयाचा अंदाज येतो, तोही सुमारे दोन वर्षांच्या फरकाने; नेमकी जन्मतारीख समजत नाही. म्हणून डॉक्टरांनी अहवालात तो अंदाज असल्याचे स्पष्ट नमूद करावे.

रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे कळविणे हे रुग्णालयाचे कायदेशीर कर्तव्य आहे. वडिलांचे नाव सांगता येत नाही म्हणून नोंद अडवू नये. अविवाहित मातेच्या केवळ प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. आईपाशी कागद नव्हता म्हणून ती विकली गेली. निदान तिच्या बाळाची वाट आपण कागदानिशी सुरू करून देऊ शकतो.

प्रवासास योग्य प्रकृती

विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. साहजिकच रक्ताला प्राणवायू कमी मिळतो. हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅमच्या खाली असल्यास तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याखेरीज प्रवास करू नये. फुफ्फुसाचा संसर्गजन्य क्षयरोग असल्यास योग्य औषधोपचार किमान दोन आठवडे होऊन संसर्गाचा धोका टळेपर्यंत थांबावे. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण दहा दिवस जाऊ द्यावेत. गर्भारपणात २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या सामान्यतः डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर प्रवास टाळावा. एचआयव्हीची बाधा मात्र प्रवासाच्या आड येत नाही. औषधे हातातील पिशवीत असावीत एवढेच. या प्रमाणपत्रात केवळ ‘प्रवासास योग्य’ एवढाच अभिप्राय द्यावा. रुग्णाचा पूर्वेतिहास विमानतळावरील दहा जणांनी वाचावा असे कोणतेही कारण नाही.

मनाची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. विमानतळावर गणवेशातील माणसे असतात आणि अंगाची झडती घेतली जाते. छळ सोसलेल्या स्त्रीला परक्या हाताचा स्पर्श असह्य होतो. झडती महिला कर्मचारीच घेईल, ती आडोशाला होईल आणि काही क्षणांत संपेल, हे समुपदेशिकेने आधीच समजावून सांगितले तर भीती पुष्कळ कमी होते. सोबतीस तिच्या ओळखीची व्यक्ती असावी आणि मूळ प्रमाणपत्र, न्यायालयाचा अथवा समितीचा आदेश व वैद्यकीय प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात असावे. कागदपत्रांची कल्पना विमान कंपनीस दोन-तीन दिवस आधी दिल्यास दारावरचे प्रश्न आणि कुजबुज दोन्ही टळतात.

एका प्रवासापुरते नव्हे

राजपत्रित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र तात्पुरती निकड भागविते. कायमची ओळख मिळाल्याखेरीज बँकेत खाते, शिधापत्रिका, शाळा वा नोकरी मिळत नाही आणि तीच मुलगी पुन्हा त्याच सापळ्यात सापडण्याचा धोका राहतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाच्या विहित नमुन्यातील प्रमाणपत्रावर आधारची नोंदणी होऊ शकते. देहविक्रयातील स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता, एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून आधार द्यावे आणि त्यात त्यांचा व्यवसाय उघड होऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला.

कधी कधी जुनी ओळखही सापडते. २०१६ मध्ये बिहारमधून हरवलेला एक दिव्यांग मुलगा नागपुरात निवाऱ्यास होता. २०२२ मध्ये आधार नोंदणीचा प्रयत्न केला असता बोटांच्या ठशांवरून त्याचे पूर्वीचे आधार निघाले, पत्ता सापडला आणि तो आपल्या कुटुंबात परतला. जीभ बोलत नव्हती, ते बोटांनी सांगितले.

दात्यांस विनंती

या कार्यास मोठ्या यंत्रांची आवश्यकता नाही. प्रशिक्षित समाजसेविका, रुग्णाची भाषा जाणणारी दुभाषी, छायाचित्राचा आणि प्रतिज्ञापत्राचा किरकोळ खर्च, तहसील कार्यालयातील हेलपाटे, दोन तिकिटे आणि घरी पोहोचल्यावर पहिल्या महिन्याची औषधे, एवढेच लागते. अनेक दाते तिकिटाचा खर्च आनंदाने उचलतात. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. आमची विनंती एवढीच की, तिकिटाआधीच्या या निनावी कामासही आपला हात लागावा. तिकीट एका दुपारी काढता येते. ओळख उभी करण्यास कित्येक आठवडे लागतात आणि तिचा प्रारंभ रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर, पहिल्याच दिवशी व्हावा लागतो.

रुग्णांच्या आप्तांसही एक सांगणे आहे. आपल्या घरातील मुलामुलींचे जन्मदाखले आजच काढून ठेवावेत आणि नोकरीसाठी दूर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कागदांची एक प्रत घरी जपून ठेवावी. संकटकाळी तीच प्रत त्याला घरी परत आणील.